मुरमाच्या उतारावर बंद पडणारी गाडी

भुतंखेतं, करणी, बाहेरचं... यातलं मी काहीच मानत नाही, हे आधीच सांगते. सासरी दर अमावस्येला दाराला लिंबू-मिरची बांधायचे, ते मी स्वतः बंद केलं. त्यामुळं इथं लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते भर दिवसा, माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून लिहिते.

बीड जिल्ह्यात चौसाळ्यापासून आत दहाएक किलोमीटरवर आमचं गाव. गावातल्या आम्ही बायकांनी मिळून दूध संस्था काढलेली — मी तिची सचिव. लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. निम्मी जनावरं चारा छावणीवर, उरलेल्यांचं दूध आटलेलं. दूध न्यायला येणारा टेम्पोवाला एक दिवस म्हणाला, "एवढ्याशा दुधापायी फेरी परवडत न्हाई, ताई." आणि यायचाच बंद झाला. चौसाळ्याच्या शीतकरण केंद्रावर दूध पोचलं नाही तर संस्था बंद. आणि त्या वर्षी कितीतरी घरांत चूल पेटत होती ती त्या दोन-दोन लिटरवरच.

म्हणून मी आष्टीच्या एका रिटायर गुरुजींची जुनी पांढरी कार घेतली. डिझेलची, जड बॉनेटची, अगदी स्वस्तात. ड्रायव्हिंग मी माहेरी भावाच्या ट्रॅक्टरवर शिकलेले. मागची सीट काढून टाकली, कॅन मांडले, दोरीनं आवळले आणि रोज सकाळी निघायला लागले. गावानं आधी हसून घेतलं. मग सवय झाली.

चौथ्याच दिवशी परत येताना गाडी बंद पडली. गाव आणि हायवेच्या मधे एक मुरमाचा उतार आहे, दोन्ही बाजूंनी उघडा माळ. तिथं इंजिन गप्पकन थांबलं. पंधरा मिनिटं बसून राहिले, पुन्हा चावी फिरवली, झाली सुरू. आठवड्यानं पुन्हा तेच, आणि पुन्हा त्याच उतारावर. चढावर बंद पडली असती तर समजू शकले असते... पण उतारावर?

केजला गफारभाई मिस्त्री आहेत. आमच्याकडच्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. फिल्टर बदलला, पंप तपासला, पाइप फुंकून पाहिले. मग स्वतः गाडी घेऊन त्या उतारावरून तीनदा गेले. एकदाही बंद पडली नाही.

"बंद कावून पडती ते काय सापडंना, ताई," ते म्हणाले. "पण इंजिन लई थकलंय. खोलावं लागंल. एवढं घालून किती दिवस चालंल, सांगता येत न्हाई. मेरी मानो तो निकाल डालो."

आमचे हे शाळेत शिक्षक. त्यांना आयतंच मिळालं. "मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो — भंगार हाय ते. शनिवारी भंगारवाला येतो, देऊन टाक."

"आणि दूध?"

"आता पाण्याचे वांधे हायेत, तू दुधाचं काय घेऊन बसलीस!"

शनिवारी गाडी द्यायची आणि त्याच संध्याकाळी बायकांना बोलावून संस्था काही महिने बंद ठेवायचं सांगायचं, असं मनाशी ठरवून टाकलं. त्या रात्री झोप लागली नाही.

गुरुवारी दूध घालून रिकामे कॅन घेऊन परत येत होते. अकरा वाजून गेलेले, ऊन मी म्हणत होतं. उतारावर आले आणि इंजिन थांबलं. या वेळी मात्र बॉनेटच्या फटींतून वाफा निघत होत्या. स्पष्ट, पांढऱ्या, भसाभसा. मी बॉनेट उघडलं, पदर गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात लावला तर दोन बोटांना असा चटका बसला की ओरडलेच. गाडीतला पाण्याचा कॅन नेमका घरी राहिलेला. म्हटलं, जवळपास कुठं पाणी मिळतं का बघावं. दुष्काळात पाणी शोधायला निघणं हाच वेडेपणा, पण बसून तरी काय करणार?

रस्ता सोडून माळावर दोनशेक पावलं गेले. उंचवट्याच्या पलीकडं दगडांचं कडं दिसलं. जुनी विहीर. रस्त्यावरून ती दिसतसुद्धा नाही, मला तर ती तिथं आहे हेच माहीत नव्हतं. काठावर चपलांचा जोड. शेजारी प्लास्टिकची घागर आडवी पडलेली.

वाकून पाहिलं... खाली तळाशी हिरवं लुगडं. भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी, मान खाली.

"आजी! ओ आजी!"

हालचाल नाही. एक बारका खडा टाकला. हळूहळू मान वर झाली.

"कोण हाय गं?"

"आजी, हलू नका! मानसं घेऊन येते मी!"

पळत रस्त्यावर आले. वीस मिनिटं एक गाडी नाही. मग चौसाळ्याकडून प्रवासी घेऊन एक वडाप जीप आली, गच्च भरलेली. मी रस्त्यात आडवीच उभी राहिले. ड्रायव्हर ओरडला, "वहिनी, जागा न्हाई!"

"जागा नको, मानसं पायजेत! विहिरीत म्हातारी पडलीय!"

सगळी जीप रिकामी झाली. कॅनची दोरी सोडून आणली. पांढऱ्या टोपीतल्या एका शिडशिडीत माणसानं ती कमरेला बांधली आणि "धरा बे नीट, हयगय करू नका!" म्हणत तो खाली उतरलाही. दगडी पायऱ्या निम्म्यात ढासळलेल्या होत्या. आधी म्हातारीला वर घेतलं, मग त्याला.

कोंडाबाई तिचं नाव, पलीकडच्या वस्तीवरची. तळाला वाटीनं भरण्याइतकं पाणी झिरपत होतं, ते घ्यायला उतरली आणि पायरी निसटली. पाय मोडलेला. "काल सकाळधरनं हाय मी हितं," ती म्हणाली. पोरगा जनावरं घेऊन छावणीवर, त्याला वाटलं आई घरी आहे. सुनेला वाटलं सासू छावणीवर गेली. तिला शोधणारं कुणी नव्हतंच!

जीपवाला तिला न्यायला तयार होता, पण तिला आडवं ठेवायला जागा माझ्याच गाडीत. त्यानं बाटलीतलं पाणी घालायला रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि माझ्याकडं बघत राहिला.

"वहिनी, पाणी तर काठोकाठ हाय. आन गार हाय."

मी बोटं पुढं केली. दोन्हीवर टम्म फोड आलेले. त्यानं झाकण परत घट्ट लावलं. चावी फिरवली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर म्हातारी हाताला लागली नसती.

शनिवारी भंगारवाला दारात आला. यांनीच त्याला चहा पाजला आणि परत लावून दिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "गफारभाईला फोन कर. इंजिन खोलू दे." त्या संध्याकाळी बायका आल्या होत्या. संस्था बंद करायचा विषय मी काढलाच नाही. उलट प्रत्येकीनं दुरुस्तीला जमेल तसा हातभार लावला. दुरुस्तीचे दिवस सोडले, तर पाऊस पडून जनावरं गोठ्यात परत येईपर्यंत त्या गाडीनं एक दिवस दूध चुकवलं नाही. त्या उतारावर ती पुन्हा कधीही बंद पडली नाही.

मी पुष्कळ चौकश्या केल्या. आष्टीचे गुरुजी म्हणाले, त्यांच्याकडं ती एकदाही अशी थांबली नव्हती, आणि या रस्त्यानं ते कधी आलेच नव्हते. गफारभाईंनी माझी बोटं पाहिली, इंजिन पाहिलं. म्हणाले, "ताई, मी मिस्त्री हाय. मशीनचं विचारा. इसके आगे का मुझे नहीं मालूम." आमचे हे अजूनही म्हणतात की उन्हानं झाकण तापलं असेल आणि वाफ म्हणजे धुरळा असेल. असेलही. पण मग पहिल्या दोन वेळा? तेव्हा तर कोंडाबाई विहिरीत पडलेलीही नव्हती.

मला एक शंका होती — तिनं हाक मारली असेल, माझ्या कानांनी ती टिपली असेल आणि मला कळलं नसेल. पाय बरा झाल्यावर तिला भेटायला गेले तेव्हा विचारलं. तिनं भाकरी थापता थापताच मान हलवली. "पयल्या दिशी लई वरडले. मग म्हनलं, कोन हाय ऐकायला? तू आलीस तवा मी डोळं मिटून गप पडले होते, लेकी."

रोज देवापुढं हात जोडते, पण त्या दिवसासाठी नेमके कुणाचे आभार मानायचे, ते ठरवता येत नाही. म्हणून ज्यांचे मानता येतात त्यांचे तरी मानते. त्या गडबडीत मी जीपमधल्या एकाचंही नाव विचारलं नाही. टोपीवाले दादा, तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर सांगते... कोंडाबाई त्यानंतर सहा वर्षं जगली. नातीच्या लग्नात त्याच पायावर नाचली. तिच्या वाटचा आणि माझ्या वाटचा, दोघींचा तुम्हाला नमस्कार.