न मोडलेलं गंठण

मस्कतला जायचं नक्की झालं तेव्हा वीरधवलने भावकीतली चार माणसं ओसरीवर बसवली आणि जाहीर केलं, की बायकोच्या गळ्यातलं मोडणार नाही. कुणी विचारलं नव्हतं. पण विट्याच्या आसपासच्या गावांत माणूस परदेशी निघाला म्हणजे "कुठं" हा प्रश्न नंतर येतो, आधी येतो तो "काय मोडलं?" आणि वीरधवलला प्रश्नाच्या आधी उत्तर द्यायची सवय होती.

साक्षी तेव्हा चहा घेऊन आली होती. तिने पदर सारखा करायच्या निमित्ताने गंठण झाकलं. तीन तोळ्यांचं होतं. तिच्या वडूजच्या वडलांनी बटाट्याच्या आठ हंगामांतून ते उभं केलं होतं. सासरी तीन पिढ्या दुसऱ्यांचं सोनं गाळत आलेल्या, पण घरात राहिलेलं सोनं म्हणाल तर एवढंच. सासूच्या, मनुबाईच्या, गळ्यात काळी पोत होती आणि सहा वर्षांच्या शिवांजलीच्या कानात जत्रेतल्या रिंगा.

गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, त्यातला मळ काढून ते चोख करून द्यायचं. या धंद्यापायी विट्याकडची माणसं देशभर पांगली आहेत. वीरधवलचं दुकान सेलमला होतं आणि साक्षीने तिथे सात वर्षं संसार केला. पुढे समोरच कुणीतरी मोठं यंत्र आणून बसवलं आणि वीरधवलच्या भट्टीपुढे गिऱ्हाइकांऐवजी मांजर बसू लागलं. शेवटी मस्कतच्या एका सराफाच्या कारखान्यात जागा निघाली. आधी त्याने जायचं, सहा महिन्यांत बायको-मुलीला न्यायचं, असं ठरलं.

एजंटने दिलेल्या कागदावर अकरा खर्च लिहिले होते. ते वीरधवलने म्हैस आणि मोटारसायकल विकून भागवले. कागदावर नसलेले खर्च तो विमानातून उतरल्यावर सुरू झाले. मुंबईत झालेली रक्ततपासणी तिथे परत करायची होती, कारण मुंबईतलं रक्त तिथे चालत नव्हतं. खोलीची अनामत दोनदा द्यायची होती, एकदा मालकाला आणि एकदा मालकाच्या मेव्हण्याला. लग्नाच्या दाखल्यावर तीन शिक्के मारून आणले, तर चौथा राहिला होता.

दर चार दिवसांनी फोन यायचा. "साक्षे, आनि एक निघालंय." गळू निघावं तसं तो सांगायचा.

साक्षीचे केस गळायला लागले. भाकरी थापताना तिचं लक्ष फोनकडे असायचं. फोन वाजला की एक भाकरी करपायची, आणि नाही वाजला तर दोन.

"परदेशी गेलाय त्यो," मनुबाई म्हणायची, "आनि वाळाय लागलीयास तू. असं कसं गं तुमचं?"

मग एके दिवशी दुपारी वीरधवलचा फोन आला तो हसतच.

"अगं, खोलीत कॉटखाली डबा घावला. केराचा! गच्च भरलेला."

गलाईच्या दुकानातला केर कुणी फेकत नाही. जमिनीवरची धूळ, झाडूचे तुकडे, फाटकं पायपुसणं, सगळं डब्यात साठवायचं. वर्षाकाठी ते जाळायचं आणि राखेतून सोन्याचे कण काढायचे. जागा सोडून जाणारा केर मागे ठेवणार असेल, तर नव्या माणसाला तोंडाने सांगून जातो, "घे, तुजा." असं सांगितल्याशिवाय दुसऱ्याचा केर जाळत नाहीत. का जाळत नाहीत, ते कुणी विचारलेलं नाही. धंद्यात न विचारायच्या गोष्टी बऱ्याच असतात.

"कुनाचा हाय?" साक्षीने विचारलं. "इचारलं का?"

"कुनाला इचारू? आधी ऱ्हायचा त्यो गेला म्हनं. आपल्याच तालुक्यातला होता. नाव कुनाला ठावं न्हाई."

"गेला म्हंजे? गावाकडं?"

"न्हाई. गेला म्हंजे गेला." मग जरा घाईने, "तू नगं डोकं लावू. चौथ्या शिक्क्याचं भागलं बघ. साडेतीन ग्रॅम निघालं. लागत हुतं तेवढंच."

पंधरा दिवसांनी ओळखपत्राचं निघालं. वीरधवलने डब्यातला आणखी थोडा केर जाळला. अडीच ग्रॅम निघालं. लागत होतं तेवढंच.

साक्षीला गंठण हलकं वाटायला लागलं ते याच सुमाराला. आधी तिला वाटलं, जिवाला घोर असला की माणसाला काहीही वाटतं. पण सात वर्षं तिने दुकानात हातावर सोनं घेतलं होतं. तिच्या तळहाताला अर्ध्या ग्रॅमचा फरक कळायचा. हा तर अख्ख्या गळ्याला कळत होता.

ती विट्याला सिकंदरचाचांकडे गेली. त्यांचा धंदा टंच काढायचा, म्हणजे सोनं किती चोख आहे ते तपासून सांगायचं. वीरधवलच्या वडलांपासूनची ओळख.

"या सूनबाई. कवा निघायचं इमानात?"

"कागदं व्हायचीत अजून. चाचा, एवढं वजन करा की."

चाचांनी गंठण काट्यावर ठेवलं. चष्मा पुसला. गंठण उचलून परत ठेवलं.

"पावती काय म्हंती?"

"तीस ग्रॅम."

"हे चोवीस भरतंय."

"झिजलं असंल का?"

"सहा ग्रॅम झिजायला हे घालून तुमाला दोनशे वर्सं भांडी घासाय लागतील." चाचा हसले आणि लगेच थांबले. त्यांनी भिंगाखाली एकेक कडी फिरवून पाहिली. "कापल्यालं न्हाई. घासल्यालं न्हाई. डाग न्हाई कुटं. नक्षीसुदिक हाय तशी हाय. फकस्त आतनं गेलंय."

"आतनं कसं जाईल?"

"त्येच म्हंतो मी."

साक्षीने साडेतीनात अडीच मिळवले. याला कुठली विद्या लागत नाही.

पुढच्या वेळी "आनि एक निघालंय" म्हटल्यावर तिने वीरधवलला सांगितलं, "आवं, उद्या सकाळी अकराला जाळा. मला फोनवर दावा. लय दिस झालं मूस बघून."

त्याला बरं वाटलं. नवऱ्याचं काम बायकोला बघावंसं वाटावं, हे त्याच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं.

अकराला ती चाचांच्या दुकानात बसली होती. बाहेर उन्हात भाजीवाले ओरडत होते, रसवंतीचे घुंगरू वाजत होते. काट्यावर गंठण होतं, चोवीस ग्रॅम. हातातल्या फोनमध्ये मूस होती, म्हणजे सोनं वितळवायची मातीची वाटी. वीरधवल तिच्यावर ज्योत धरून मोठमोठ्याने बोलत होता. मुशीत राख लाल झाली.

काट्यावरचे आकडे उतरायला लागले. घाई नव्हती. कचेरीतली रांग सरकते तसे ते एकेक करून सरकत होते. साक्षीने श्वास धरला, काट्याला वारा लागू नये म्हणून. चाचांनी पंखा बंद केला. आकडे उतरत राहिले आणि वीस पूर्णांक तीसवर थांबले.

"बघितलंस?" फोनमधून वीरधवल ओरडला. चिमट्यात पिवळी गोळी धरून तो नाचवत होता. "तीन ग्रॅम सत्तर! नेमकं लागंल तेवढंच. ही खोली आपल्याला लाभली बघ साक्षे!"

"व्हय," साक्षी म्हणाली. "लाभली."

चाचांनी गंठण चिमट्याने उचलून तिच्यापुढे ठेवलं, हात लावला नाही. काट्यावर रुमाल टाकला.

"वजनाचं किती झालं, चाचा?"

"कशाचं? म्या कायबी मोजल्यालं न्हाई." आणि ती पायरी उतरत होती तेव्हा मागून हळूच, "त्येला सांगशीला न्हवं?"

सांगायचंच होतं. एसटीत खिडकीशी बसून तिने चार वेळा फोन काढला आणि चार वेळा आत ठेवला. सांगितलं तर तो डबा बंद करील. डबा बंद झाला की पुढच्या शिक्क्याला तो परत येईल, आणि सेलमला जसा मांजरासमोर बसायचा तसा ओसरीवर भावकीसमोर बसेल. भावकी मांजरापेक्षा जास्त बोलते. शिवाय यात नवीन काय होतं? गल्लीतल्या चार बायकांनी आपलं सोनं रुमालात बांधून स्वतःच्या पायांनी सराफाकडे नेलं होतं. तिचं आपल्या पायांनी चाललं होतं, एवढंच. वर पावती नाही, घट नाही, आणि गळ्यातलं गळ्यात.

त्या घोरातून बाहेर पडायला तिने एक रीत लावून घेतली. फोन आला की किती लागतील ते विचारायचं, गंठणावर हात ठेवायचा, आणि "जाळा" म्हणायचं. केस गळायचे थांबले. मनुबाई म्हणाली, "आता जरा मानसांत आलीस."

तिचा व्हिसा निघाला. तिकिटं निघाली. तिची आणि शिवांजलीची तपासणी सांगलीच्या एका दवाखान्यात झाली आणि शिक्का मारलेले दोन कागद मिळाले. शिवांजलीच्या कागदावर लिहिलं होतं: वजन सतरा किलो, प्रकृती ठीक.

तोवर गंठण कांद्याच्या सालीसारखं झालं होतं. दिसायला तेच. नक्षीतलं फूल न् फूल जागेवर. पण वारं आलं की छातीवरून उचललं जायचं, म्हणून तिने ते ब्लाउजला आतून दोन टाक्यांनी शिवलं. निरोपाच्या जेवणाला भावकीतल्या बायका आल्या. त्यांनी पहिलं तिच्या गळ्याकडे पाहिलं.

"शबूद पाळला म्हना की वीरधवलनं," एक जण म्हणाली. तिला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. साक्षी बॅगेत चटणीचे डबे दाबत होती. शिवांजली अंगणात एकटीच लंगडी खेळत होती.

"पोरीचं आनि एक निघालंय," वीरधवल म्हणाला.

साक्षीने गंठणावर हात ठेवला. हाताखाली काहीच लागलं नाही.

"किती?"

"पाच ग्रॅमचं हुतं. पर तू काळजी करू नगंस."

"आवं, थांबा. जाळू नगा. ऐका माझं आधी." आणि तिने सांगितलं. काटा, चोवीस, वीस पूर्णांक तीस, ब्लाउजचे टाके. सगळं एका दमात. "माज्या गळ्यातलं संपलंय. घरात दुसरं सोनं न्हाई. आता त्ये कुटनं घील? डब्यात उरलाय त्यो केर तसाच ऱ्हाऊ द्या. पोरीला मागनं न्हेऊ. मी हितंच थांबती."

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं.

"वीरधवल?" सासूसमोर कधी न घेतलेलं नाव तिने मोठ्याने घेतलं. मनुबाईने चुलीपाशी मान वर केली.

"सकाळीच जाळली," तो म्हणाला. "डबा रिकामा झाला. पाच ग्रॅम भरलं." त्याचा आवाज आता नाचत नव्हता. "पर साक्षे, त्येचा टंच येगळा हाय. तुज्या गंठनावानी ब्याण्णवचा न्हाई. गाळाय काय लागलंच न्हाई, चोखच निघालं. तीन पिढ्यांत आमच्यात कुनी असलं बघितलं नसंल."

"आनि?"

"आनि गरम हाय. सकाळधरनं थंड हुईना झालंय."

साक्षीने फोन ठेवला आणि अंगणात गेली. शिवांजली लंगडी खेळतच होती. खडूच्या चौकटीतून उडी मारायची आणि जरा सावकाश खाली यायची. घाई नसल्यासारखी. पाय टेकल्याचा आवाज येत नव्हता.

"शिवा, ये हिकडं."

मुलगी आली. साक्षीने तिला उचलून कडेवर घेतलं. खाली ठेवलं. परत उचललं.

"काय गं आई?"

"काय न्हाई. भूक लागली का?"

"न्हाई. मला सकाळपस्नं भूकच न्हाई."

कोपऱ्यात बॅगा तोलायचा ताणकाटा टांगलेला होता. उद्या विमानतळावर जास्तीचं वजन भरायला लागू नये म्हणून शेजाऱ्यांकडून आणलेला. साक्षीने त्याच्याकडे पाहिलं. मग तो काढून, कागदात गुंडाळून, तिने मनुबाईच्या हातात दिला.

"देऊन या जावा त्येंचा त्येंला. आपलं मोजून झालं."

मग तिने खणातली सुई आणली. शिवांजलीच्या फ्रॉकच्या खिशात तिने नदीतले गोटे, मुलगी खेळायला जमवायची ते, घातले आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं. दवाखान्याचा कागद काढून परत वाचला. सतरा किलो. खाली सही, वर शिक्का. त्याची नीट घडी करून तिने तो पासपोर्टच्या आत, सगळ्यांत वर ठेवला. तिकडे गेल्यावर कुणी विचारलंच, तर हाच खरा धरतील.