नवाबाला भंडारा

केसरबाई नवी नवरी होती तेव्हा चुलीपाशी बसून तिनं बाहेरच्या खोलीतलं भांडण ऐकलं. सासरे तिच्या नवऱ्याला म्हणत होते, "जामबागेच्या शाळेतून कुत्र्याला भिऊन पळत यायचास, चड्डी ओली करून. तू मला शहाणपण शिकवतोस?" त्यावर नवरा, हणमंतराव, असे ओरडले की मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या. केसरबाईला तेवढ्यात सगळा संसार कळला. हा माणूस भितो, अन् भ्याला की गुरगुरतो.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून ती त्यांच्या समोर उभी राहून कधी बोलली नाही, बाजूनं बोलायची. चहा हाताशी ठेवून खिडकीकडं तोंड करायची. निवले की ते आपसूक प्यायचे. गौलीगुड्यात, त्यांच्या गल्लीत, बायका म्हणत, केसरबाई किती सोशीक. सोशीक कसली, तिला फक्त चावून घ्यायचं नव्हतं.

हणमंतरावांनी बसच्या चौकशीच्या खिडकीत नोकरी केली. चौकशी कमी, ओरडणं जास्त. रिटायर झाल्यावर खिडकी गेली, आवाज राहिला.

मग जिन्याखाली एक कुत्रा येऊन राहिला. कुणीतरी उकळतं पाणी टाकलेलं, पाठीवर केस नव्हते. पान वाजलं तरी कोपऱ्यात शिरून दात दाखवायचा. पोट्ट्यांनी नाव ठेवलं, नवाब. वरच्या मजल्यावरचा शिवराज, सुलतान बाजारातला कापडवाला, म्हणाला, "कुणाला चावला तर त्याच दिवशी कुत्रे धरायची गाडी बोलवून उचलून देतो, काका. मला परेशानी नक्को."

नेमकी चंपाषष्ठी आली. यांच्या घरचा कुळाचार असा, की खंडोबाच्या कुत्र्याच्या कपाळी भंडारा लावून त्याला भरीत-रोडगा घातल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या कुत्र्याला हार घातला तरी तो झोपलेलाच असायचा. तो पावसाळ्यात गेला. उरला नवाब.

हणमंतराव धोतर नेसून, ताटात निरांजन पेटवून थेट त्याच्या तोंडासमोर उभे राहिले. डोळ्यांत डोळे घालून येळकोट केला अन् हळदीचा हात त्याच्या डोक्यावर नेला. नवाब भिंतीला चिकटला, दात विचकून. हणमंतराव जिन्याला चिकटले, ओरडत. कोण कुणावर भुंकतंय ते कळेना. शिवराजनं खिशातून फोन काढला.

केसरबाई बाजूनं म्हणाली, "अहो, तो भितोय."

"कोण भितोय?"

"कुत्र्याचं म्हणते मी."

हणमंतरावांनी ताट खाली घेतलं.

"निरांजन इकडं द्या," ती म्हणाली. "तिरके होऊन खाली बसा. त्याच्याकडं बघू नका. रस्त्याकडं बघून बसवाल्यांना शिव्या द्या, पण हळू."

शिव्या देणं जमण्यासारखं होतं, म्हणून ते बसले. केसरबाईनं रोडग्यालाच भंडारा लावला, एक तुकडा लांब टाकला, मग एक जवळ. नवाब पोटानं सरकत आला, तुकडा उचलून मागं पळाला, पुन्हा आला. कपाळाला नाही लागला तर पोटात गेला, खंडोबाला दोन्हीकडून पोचतं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. शिवराजचा फोन खिशात गेला. तोवर त्यालाही भरताचा वास लागला होता.

पुढं हणमंतराव सांगत सुटले, जनावराला दरारा कळतो, एका नजरेत गार केला. केसरबाई "हौ" म्हणायची, खिडकीकडं बघून.

पण रोज सकाळी कोथिंबीर आणायला निघाले की ते भाकरी घेऊन जिन्याखाली तिरके बसायला लागले. एकदा नवाबानं कोपर हुंगलं, तेव्हा त्यांनी श्वास धरला. मग हळूहळू हनुवटीखाली खाजवू लागले. डोक्यावर हात कधी नेला नाही. आपला चहाही इतकी वर्षं अस्साच पुढं येतोय, हे मात्र काही ध्यानात आलं नाही.

हणमंतराव वारले एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. सकाळपासून छातीवर जड वाटत होतं, पण ते सांगायचं म्हणजे भ्यालो म्हणायचं. त्या सकाळीही ते भाकरी घेऊन खाली उतरले, तिरके बसले, तुकडा बाजूला ठेवला अन् नवाबाचं खाऊन होईपर्यंत रस्त्याकडं बघत बसवाल्यांना हळू आवाजात शिव्या दिल्या. मग पिशवी झटकली अन् कोथिंबीर आणायला गेले.