टाकीतली सळई

सिंगापूरमधल्या तुआसच्या कारखान्यात चंद्रशेखर टिल्लूंचं काम म्हणजे घरगुती वॉटर हीटर मोडेपर्यंत चालवून बघणं. घरातला पाच वर्षांचा वापर त्यांच्या लॅबमध्ये आठ महिन्यांत उरकायचा. बहुतेक टाक्या कधी ना कधी गळत. खिडकीजवळचं एक जुनं मॉडेल मात्र सतरा वर्षं चालू होतं.

कुणी विचारलंच, तर ते त्याचं झाकण उघडून आतली मॅग्नेशियमची सळई दाखवत. "पाणी टाकीला न खाता हिला खातं. ही झिजली की दुसरी घालायची. बाकी जादू काही नाही."

मग नवं मॉडेल आलं. सडपातळ, दिसायला देखणं, पण झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद. आत सळई होती, ती बदलता येणार नव्हती. चाचणीत साडेपाच वर्षांच्या हिशोबाला चारही टाक्या गळल्या. टिल्लूंनी अहवालात लिहिलं, की झाकण उघडतं ठेवा.

मॅनेजर रुचिर त्यांच्यासारखाच पुण्याचा, वयाने पंधरा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "सर, वॉरंटी पाच वर्षांची आहे. म्हणजे टेस्ट पास झाली ना?"

"सळई बदलली तर वीस वर्षं जाईल रे."

"बदलतं कोण? लोक फ्लॅट रिनोव्हेट करतात तेव्हा सगळंच नवीन घेतात. ती ओळ काढा आणि सही करा, प्लीज."

टिल्लूंचा सिंगापुरात नोकरी करायचा पास दोन महिन्यांत रिन्यू व्हायचा होता. मुलीचं, जाईचं, शाळेचं शेवटचं वर्ष होतं. त्यांनी ओळ काढली. सही केली.

पास रिन्यू झाला. वर्षभरात लॅब बंद झाली आणि टिल्लूंना कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. जुन्या हीटरचं पाणी त्यांनी स्वतः सोडलं. तो घरी नेऊ का, असं विचारलं, तर ऑफिसवाले नियमात बसत नाही म्हणाले. चालता हीटर भंगारात गेला.

सहा वर्षांनी सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउनहून संजीवनीचा फोन आला. ती त्यांच्या बायकोची, मीनाक्षीची, मैत्रीण. "भावजी, हीटर गळतोय. बाथरूमचं सीलिंग खाली आलंय. तुम्ही बघता का?"

ते पाने-पकडी घेऊन गेले. पडलेल्या सीलिंगच्या वर, भिंतीवर तेच मॉडेल होतं. पाना लावायला कुठे जागाच नव्हती.

"दुरुस्त होईल ना?"

"नाही. हा उघडतच नाही." त्यांनी पाना पिशवीत परत ठेवला. "मला हे ठाऊक होतं. याच्या अहवालावर माझीच सही आहे."

संजीवनी म्हणाली, "आम्ही घेतला तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. चांगला आहे म्हणालात."

"हो."

तिने चहा विचारला नाही. टिल्लूंनी फरशी पुसली, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि एमआरटी मेट्रोने बुकित बातोकला घरी आले. मीनाक्षीने विचारलं तेव्हा, नवीनच घ्यावा लागेल, एवढंच ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात संजीवनीने दुसऱ्या कंपनीचा हीटर बसवून घेतला. कोणता घ्यावा, हे तिने टिल्लूंना विचारलं नाही.