गाडीतले हिरवे आकडे

मी थापाड्या आहे, हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक आहे. मिरकरवाड्यातल्या कोळणीसुद्धा मी सांगितलेल्या माशाची लांबी निम्मी करून ऐकतात. पण दोन हजार सालानंतरची ती दोन वर्षं मी पोटासाठी खोटं बोलावं तसं बोललो.

आठवड्यातून दोनदा बाबांना डायलिसिसला कोल्हापूरला न्यायचो. पहाटे निघून घरी परत येईपर्यंत पंधरा तास. मी त्यांना अकरा सांगायचो. पंधरा कळले असते तर ते गाडीत बसलेच नसते, आणि न बसल्यास किती दिवस उरतील, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. साखरेने बाबांची नजर अधू झालेली. मनगटावरचे काटे दिसत नसत. गाडीतल्या घड्याळाचे मोठे हिरवे आकडे तेवढे दिसत, पण गाडी तापली की निघाल्यापासून अर्ध्या तासात, हातखंब्याच्या आतच ते विझत. घरी पोचेपर्यंत बाबा अर्धे झोपेत, आणि आई माझ्या कटात सामील.

घात माझ्याच तोंडाने केला. बुडालेल्या ट्रॉलरचा रेडिओ मी सोल्डर मारून बोलता केला, एवढंच नव्हे तर तो आधी खोकला, असं मी पाहुण्यांना सांगत होतो. बाबा आतून म्हणाले, “मग आमच्या गाडीतलं घड्याळ का रखडलंय?”

पडवीत बसून उघडलं. भिंगातून दिसलं, एका रेझिस्टरच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल भेग. थंडीत टेकायची, तापली की सुटायची. जुनं सोल्डर वितळवून काढलं, पाय खरवडला, राळ लावली. बाबा शेजारीच खुर्चीत धूर हुंगत होते. मुद्दाम कच्चा टाका द्यावा असं मनात आलं. हाताने ऐकलं नाही. असा टाका बसला की त्यात बघून मिशी कातरावी.

म्हणून पुढच्या खेपेला, बाबा मशीनवर असताना, मी घड्याळ दीड तास मागे नेलं; चारही तास नेले असते तर उजेडानेच चुगली केली असती, उरलेले बोलण्यात खपवायचे होते. श्रावणातलं धुकं, घाटात दुपार नि संध्याकाळ सारखीच. साखरप्याजवळ समोरून एक लाल गाडी घासून गेली. बाबांचा जन्म रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात गेलेला.

“ही आपल्या स्टँडवरून सुटणारी साडेचारची,” ते म्हणाले. आकडे पावणेपाच दाखवत होते. मी म्हटलं, आज चालकाने दामटली असेल.

“पावणेदोन तासांचा साखरपा पंधरा मिनिटांत? मेल्या, एसटी आहे ती.”

पाली आल्यावर त्यांनी हिरव्या आकड्यांवर बोट ठेवलं. मग विचारलं, खरे किती तास लागतात. मी सांगितलं.

“आणि दुसरा दिवस मी झोपून काढतो.”

“हो.”

“मग पुरे झालं. घड्याळ नीट लाव.”

मी गाडी कडेला घेऊन नीट लावलं. बाबा पुन्हा त्या गाडीत बसले नाहीत.

शेवटचे अकरा दिवस पडवीत होते. वेळ विचारायचे. भिंतीवरचं घड्याळ सांगितलं की नको म्हणून मान हलवायचे. म्हणून मी अंगणात जायचो, किल्ली फिरवायचो, हिरवे आकडे वाचायचो आणि परत येऊन होते तेवढेच सांगायचो.