चाळीसचे सदतीस कोणी केले?

मित्रहो, मला एवढेच सिद्ध करायचे आहे की तारापूरच्या एका कारखान्यातील नोंदींमधल्या चुका वैशालीच्या नव्हत्या.

सरावलीची वैशाली तिथे संगणकावर रसायनांची वजने नोंदवते. नोंदी चुकतात म्हणून आज तिला कामावरून काढणार होते. सॉफ्टवेअर माझे, म्हणून मलाही बोलावले.

"काका, मी चाळीसच टाकलं. परत आकड्याला हात लावला नाय."

"तो सैंतीस क्या भूत ने किया?" सुपरवायझर म्हणाले.

मी तिला पुन्हा नोंद करायला सांगितले. तिने चाळीस लिहिले आणि खालचे बटण दिसावे म्हणून माउसचे चाक फिरवले. पान हललेच नाही. चौकटीतला आकडा मात्र सदतीस झाला! मी खुर्चीतून उठलोच. निवडलेल्या चौकटीवर चाक फिरले की आकडा बदलतो, ही त्या चौकटीची उपजत सोय. ती मी तिथेच बंद केली. चाळीस चाळीसच राहिले!

"आता माउसला काढा कामावरून," वैशाली सुपरवायझरना म्हणाली. तेही हसले. तिची नोकरी राहिली.

तुमच्या पडद्यावर अशी चौकट आहे का? आजच तपासा.

कबुली: "सॉफ्टवेअर निर्दोष आहे" असे मी गेल्या आठवड्यात न तपासताच कळवले होते. वैशालीवरचा संशय त्यामुळेच पक्का झाला.

— व. ग. राऊत, पालघर