दोन राजदूत आणि एकच चिखल

"सर, दोघांपैकी एक दूत खोटं बोलतोय. कोण, ते संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर पुस्तक नकाशाविनाच छापू."

एवढं बोलून पुण्याच्या एडिटर मॅडमनी फोन ठेवला. मी लाखनीतल्या माझ्या खोलीत फेऱ्या मारू लागलो. बाहेर हायवेवर ट्रक धावत होते. ते निदान कुठेतरी पोचत तरी होते.

मी नकाशे काढतो. आजवरचे सगळे सर्व्हेचे, निनावी. पुस्तकात माझं नाव छापून येणार असा हा पहिलाच. आणि विषय काय, तर कोरियाचे राजदूत! जुन्या काळी कोरियाचा राजा चीनच्या बादशहाकडे नजराणे देऊन माणसं पाठवायचा. ती खुष्कीच्या मार्गानं बीजिंगला जायची आणि वाटेतली नदी, गाव, मुक्काम लिहून ठेवायची. त्या लिखाणावरून जुनी वाट आजच्या नकाशावर बसवायची, याला आम्ही जिओरेफरन्सिंग म्हणतो. अंतर ते 'ली'मध्ये मोजत. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर.

घोळ होता लियाओ नदीजवळच्या सखल भागात. मुक्कामाची दोन्ही गावं तीच. एक दूत अंतर थोडं सांगतो, दुसरा जवळपास दुप्पट. मी कर्सर इकडून तिकडे नाचवला. आधी दूतांवर संशय घेतला, मग भाषांतरकारावर, शेवटी चहावर.

"काहून फेऱ्या मारून राहिले तुमी? फरशी झिजन," बायको म्हणाली. "एकोडीले जाऊन या. भावानं जेवाले बोलावलं हाय. रोवणा चालू हाय त्याचा."

रोवणा म्हणजे धानाची लावणी. निघालो. डोक्यात चीन, हातात स्कूटर. उन्हाळ्यात साळ्याच्या शेतावर बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या चौकोनी तुकड्यांमधून, सरळ गेलो होतो. सवयीनं आजही तसाच वळलो. पुढचं चाक चिखलात. पाठोपाठ मी.

रोवणा करणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या, त्या खास हसण्यासाठी सरळ झाल्या.

"भाऊजी!" साळा ओरडला. "उन्हाळ्याच्या वाटेनं कोन येते आता? धुऱ्यानं फिरून या ना बावा! दुप्पट पडते, पन माणूस पोचते."

धुरा म्हणजे शेताचा बांध. मी चिखलातच उभा. "दुप्पट?"

"मंग काय! मोजून पाहा."

मी त्याला कडकडून मिठी मारली. त्याचा शर्ट धुतलेला होता.

न जेवताच परतलो. साळ्यानं ते अजून माफ केलेलं नाही. दूतांच्या डायऱ्या उघडल्या. थोडं अंतर लिहिणारा दूत ऐन हिवाळ्यात गेला होता. गोठलेल्या जमिनीवरून त्यानं गाड्या सरळ हाकल्या होत्या. दुसरा गेला पावसाळ्यात. त्यानं पानंच्या पानं चिखलाच्या नावानं बोटं मोडली होती आणि दलदलीला लांब वळसा घातला होता. हे सगळं मी वाचलं होतं. हवापाण्याच्या गप्पा समजून सोडून दिलं होतं.

"मॅडम, दोघंही खरं बोलतात. मी दोन रेघा काढतो."

"एका प्रवासाच्या दोन रेघा? वाचक गोंधळतील."

"हिवाळी सलग, पावसाळी तुटक. नकाशाखाली लिहू."

"पुरावा?"

"डायऱ्यांमधल्या तारखा. आणि माझी पँट."

नकाशा छापला गेला, दोन्ही रेघांसकट. माझं नाव तळाशी, मुंगीएवढ्या टायपात. तेव्हापासून कुणी अंतर सांगितलं, की मी आधी महिना विचारतो. आणि एकोडीला निघण्याआधी साळ्याला फोन करतो.