लुगड्यावरून कॉस्च्युम

१८ मे, रविवार. रात्री धुऊन वाळवलेले कॉस्च्युम साइझप्रमाणे रॅकवर लावत होते. हायवेपलीकडच्या वॉटर पार्कमध्ये लेडीज काउंटर माझ्याकडे आहे. बाई समोर आली की तिच्याकडे बघून मी साइझ ठरवते आणि हातात एक साइझ लहान देते. ती खूश होते, आणि पाच मिनिटांनी येऊन स्वतःच मोठा मागते. पहिल्यांदाच बरोबर साइझ दिला तर भांडण होतं.

मे महिन्यात हे काम निभावायला फार अक्कल लागत नाही. पायांत एक नंबर मोठे बूट, कारण दुपारनंतर पाय सुजतात. खिशात खडीसाखर, कारण घसा जातो. कोणी ओरडायला लागलं की मी आवाज खाली आणते. मग त्याला ऐकायला पुढे वाकावं लागतं, आणि वाकून ओरडता येत नाही.

नोकरी सीझनची. मार्चमध्ये बोलावतात, पावसाळा लागला की ‘कळवतो’ म्हणतात. यंदा मॅनेजरने सांगितलं होतं की लेडीज काउंटरची एक जागा कायम होणार आहे, मे अखेर नाव वर पाठवायचं आहे आणि नाव माझं आहे. “फक्त तोपर्यंत काही घडू देऊ नका, मॅडम.” मॅनेजर माझ्या भाच्याच्या वयाचा आहे. मला जागा हवी होती. पावसाळाभर सासूबाईंसमोर बसून सुकट निवडायचा कंटाळा आला होता.

दहाच्या सुमारास पापडीहून आमच्या पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची, बस आली. सकाळची मिस्सा आटपून थेट. पुढे लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या, त्यांच्याही पुढे माझ्या सासूबाई. त्या येणार हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं.

“काय गे बाय,” सासूबाई काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, “हेच का तुजं ऑफिस?”

“हेच.”

“आमाला वाटलं, खुर्ची असंल,” मागून शेजारची म्हातारी म्हणाली.

“खुर्ची आहे. बसायला वेळ नाही.”

मी सगळ्यांना नियम सांगितला. कॉस्च्युम घातल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. लाटांच्या तलावाच्या तळाशी जाळी आहे, पाणी तिच्यातून ओढलं जातं, त्यामुळे सुटं कापड चालत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि सगळ्यांनी सर्वांत मोठा साइझ मागितला. त्यांतल्या निम्म्या बाया काडीसारख्या आहेत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांच्यामागे नायगावच्या टॉवरमधली एक अख्खी सोसायटी उभी होती, पोरांसकट, हवा भरलेल्या मगरीसकट.

थोड्या वेळाने शिट्ट्या सुरू झाल्या. एक शिट्टी असली तर मी मान वर करत नाही. या थांबेचनात. मग वॉकीटॉकीवर लाइफगार्डचा आवाज आला, “लेडीज काउंटर, जरा इकडे या.”

काउंटर चांदीपहून येणाऱ्या माझ्या जोडीदारणीच्या हवाली करून मी गेले. लाटांच्या तलावात, गुडघाभर पाण्यात, आमच्या म्हाताऱ्या एका ओळीत हात धरून उभ्या होत्या. अंगात निळे कॉस्च्युम. कॉस्च्युमच्या आत चोळी, आणि खाली घोट्यापर्यंत लुगडं, पाण्यावर फुगून आलेलं. त्यांनी सगळं होतं त्याच्यावरून घातलं होतं.

लाटेचा भोंगा वाजून गेला होता, पण लाइफगार्ड मशीन चालू करत नव्हता. खोल बाजूला माणसं ओरडत होती, “अरे, चालू करो ना!” मॅनेजर काठावर येऊन पोचला.

“मॅडम, ह्या तुमच्या ओळखीच्या?”

“सासूबाई आहेत.”

“सगळ्या?”

“एकच. बाकीच्या त्यांचं ऐकतात.”

“मग लवकर बघा. पब्लिक चिडलंय. वरून विचारलं तर मला तुमचंच नाव सांगावं लागेल.”

मी काठावर बसले. “आई, लुगडं काढून कॉस्च्युम घालायचा असतो.”

“तूच बोलली ना, कॉस्च्युम घातल्याबिगर पान्यात सोडत नाय. घातला.”

“लुगडं जाळीत ओढलं जाईल.”

“आनि लुगडं काढलं तर पाय?”

“पाय थोडे दिसतात.”

“फादर आलेत बसमदून.”

“फादर तिकडे मोठ्या स्लाइडवर आहेत. हाफ पँटमध्ये.”

ओळीतल्या सगळ्यांनी स्लाइडकडे बघितलं. कोणीतरी फिसकन हसलं. सासूबाई हसल्या नाहीत.

“मंग तू घाल,” त्या म्हणाल्या.

“मी ड्युटीवर आहे.”

“दिसभर लोकांच्या बायांना घालायला लावते, आनि आपुन शर्ट-पँटमदी. तुला लाज हाय, आमाला नाय?”

ड्युटीवरच्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही, असा बोर्ड माझ्या काउंटरच्या मागेच लावलेला आहे. पण समजावत बसले असते तर दुपार झाली असती, आणि सासूबाई एकदा उभ्या राहिल्या की हलत नाहीत, हे मला लग्नापासून माहीत आहे.

“चला,” मी म्हणाले.

कपडे बदलायला वेळ लागला नाही. वेळ लागला लुगड्यांच्या घड्या घालायला. ओली असली तरी नीट घडी घातल्याशिवाय एकही लॉकरमध्ये जाईना. मी सवयीने स्वतःसाठी एक साइझ लहान काढला. पाच मिनिटांनी मोठा घेतला.

आम्ही परत गेलो. मशीन चालू झालं. आमच्या घरापासून समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, पण सासूबाई किनाऱ्यावर गेल्या त्या फक्त मासळी घ्यायला. पहिली लाट त्यांच्या तोंडावर आली. माझं मनगट त्यांनी असं आवळलं की वळ उठला. त्या थुंकल्या आणि म्हणाल्या, “खारट नाय गे!”

“नाही.”

“मंग लाट कसली?” लगेच म्हणाल्या, “थांब, अजून एक येते.”

एकेक लाट करत त्या मशीन बंद होईपर्यंत थांबल्या. जोडीदारीण दोनदा येऊन गेली. “ताई, लाइन गेटला लागलीय.” मॅनेजर एकदाच आला.

“मॅडम, उद्या गेट उघडायच्या आधी केबिनमध्ये या.”

“बरं, सर.” माझ्या केसांतून त्याच्या बुटांवर पाणी गळत होतं. तो मागे सरकला.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून गल्लीतल्या बाईला सांगत होत्या, सुनेला ऑफिसात बसायला खुर्ची आहे. मासळी तळली, जेवले, झोपले.

सोमवारी सकाळी लवकर गेले. मॅनेजर चहा पीत होता. मला त्याने उभंच ठेवलं.

“पाण्यात का उतरलात?”

“लवकर आटपावं म्हणून. नंतर कोणाची तक्रार आली?”

“नाही आली. पण नियम माहीत आहे ना?”

“बोर्ड माझ्याच मागे आहे, सर.”

“म्हणूनच विचारतोय.” त्याने कप खाली ठेवला. “जागा कायम करायची तर मला खात्री पाहिजे. परत असं होणार नाही?”

त्याच्या मागच्या फळ्यावर खडूने पुढच्या रविवारच्या बसेस लिहिलेल्या होत्या. पहिली ओळ शेजारच्या गावच्या पॅरिशच्या महिला मंडळाची.

“नाही होणार,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

“ठीक आहे. पाठवतो नाव.”

मी काउंटरवर आले, वाळलेले कॉस्च्युम साइझप्रमाणे लावले. त्यांतला एक, माझ्या खऱ्या साइझचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टोकनच्या खोक्यामागे ठेवला. मग शटर वर केलं.